टेबल पुसलं गेलं, वही उरली: ल्वूफच्या कॅफेंमधलं गणित

नेट-सेटची तयारी करत असाल, पेटचा फॉर्म भरला असेल किंवा नुकतंच एखाद्या गाईडला भेटून 'सर, टॉपिक कुठला घेऊ?' असं विचारून आला असाल, तर एक वाक्य तुम्हाला कुठे ना कुठे भेटलेलं असणार: गणिती म्हणजे कॉफीपासून प्रमेयं बनवणारं यंत्र. मगवर, टी-शर्टवर, स्टेटसवर ते पॉल एर्डिशच्या नावाने खपतं. खरं तर ते त्याचा हंगेरियन मित्र आल्फ्रेड रेन्यी याचं म्हणून ओळखलं जातं. एर्डिश जास्त प्रसिद्ध, त्यामुळे वाक्य त्याच्या खात्यावर जमा झालं. संशोधनाच्या इतिहासात असं फार होतं, आणि आजचा विषयही काहीसा त्याच जातीचा आहे.

कॅफेच्या टेबलावर संशोधन कसं होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे दोन महायुद्धांच्या मधलं ल्वूफ शहर. आज ते युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. त्या काळी ते पोलंडमध्ये होतं आणि 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात लेम्बर्ग या नावाने होतं. इथल्या कॅफेंमध्ये बसून काही गणितींनी फंक्शनल अ‍ॅनालिसिस नावाची शाखा उभी केली. तुम्ही फिजिक्सचे असाल तर क्वांटम मेकॅनिक्समधली हिल्बर्ट स्पेस तुमच्या ओळखीची असेल. तिच्याहून व्यापक अशी बानाख स्पेस ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो स्तेफान बानाख याच शहरातला प्राध्यापक.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'बघा, मोकळ्या गप्पांतून केवढं गणित झालं' अशा सुरात सांगितली जाते. मला ती थोडी वेगळी वाटते. गप्पा झाल्या, भरपूर झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा संगमरवरावरच पुसल्या गेल्या. आपल्यापर्यंत जे नेमकं पोचलं, ते अडीच झ्लॉटींना आणलेल्या एका वहीमुळे.

आधी हे लोक तिथे जमले कसे ते पाहू. पोलंड 1918 मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. त्याच सुमारास झिग्मुंट यानिशेव्स्की या तरुण गणितीने एक छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: आपला देश लहान, माणसं मोजकी, तेव्हा सगळ्या शाखांत थोडं थोडं करण्यापेक्षा एखाद-दुसऱ्या शाखेवर जोर लावू आणि स्वतःचं नियतकालिक काढू. 1920 मध्ये वॉर्सॉहून 'फुंडामेंटा मॅथेमॅटिका' निघालं. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाने यानिशेव्स्की गेला, तोही ल्वूफमध्येच. पुढे 1929 मध्ये बानाख आणि ह्यूगो स्टाइनहाउस यांनी ल्वूफहून 'स्टुडिया मॅथेमॅटिका' सुरू केलं. दोन्ही नियतकालिकं आजही चालू आहेत. म्हणजे कॅफेच्या मागे आधीच एक धोरण आणि एक छापखाना होता. हे लक्षात ठेवा, कारण किस्से सांगताना नेमका हाच भाग गळतो.

बानाख स्टाइनहाउसला सापडला तो 1916 मध्ये, क्राकूफच्या बागेत. संध्याकाळी फिरताना बाकावरची दोन मुलं लेबेग इंटिग्रलबद्दल बोलताना त्याने ऐकली. विषय तेव्हा इतका नवा होता की तो थबकलाच. त्या दोघांतला एक बानाख. त्याने ल्वूफच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला होता, पण डिग्री पूर्ण केली नव्हती. गणित तो बरंचसं स्वतःच शिकला होता. आपला सगळ्यात मोठा गणिती शोध म्हणजे बानाख, असं स्टाइनहाउस पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

आता कॅफे. ऑस्ट्रियाच्या वळणाच्या शहरांत कॅफे ही चैनीची जागा नव्हती. घरं लहान, हिवाळा कडक. एक कप मागवायचा आणि तासन्‌तास बसायचं, कोणी उठवत नाही. (आपल्या इराण्यांच्या भिंतींवरच्या सूचनांच्या पाट्या आठवा, म्हणजे फरक कळेल.) पोलिश मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ल्वूफ शाखेची सभा शनिवारी संध्याकाळी विद्यापीठात व्हायची. छोटे छोटे निबंध वाचले जायचे, आणि सभा संपली की खरी सभा अकादेमिस्का रस्त्यावरच्या कॅफेत भरायची.

सुरुवातीचा अड्डा म्हणजे कॅफे रोमा. बानाख तिथे तासन्‌तास बसायचा, महिनाअखेरीला तर अधिकच. पगार हातात यायचा असायचा आणि खाणंपिणं उधारीवर चालायचं. एक दिवस त्या उधारीवरूनच तो चिडला आणि समोरच्या बाजूला वीसेक पावलांवरच्या कॅफेत जाऊन बसला. त्या कॅफेचं नाव 'श्कोत्स्का', म्हणजे स्कॉटिश. गणिताच्या इतिहासात अमर झालेली ही जागा अशी निवडली गेली. स्टाइनहाउसला मात्र हा गोंगाट फारसा रुचायचा नाही. माणूस शिस्तीचा आणि नीटनेटका. तो झालेव्स्कीच्या पेस्ट्रीच्या दुकानात बसणं पसंत करायचा, आणि तिथल्या पेस्ट्रीची ख्याती पोलंडभर होती. एकाच रस्त्यावर, एकाच विषयाचे लोक, स्वभावाप्रमाणे वेगवेगळ्या टेबलांवर. डिपार्टमेंटमध्ये कोण कुठल्या टपरीवर चहा घेतं यावरून गट ओळखता येतात, तसंच काहीसं.

स्कॉटिश कॅफेची टेबलं संगमरवरी होती आणि त्यावर पेन्सिलीने लिहिता यायचं. या बैठकांचं सगळ्यात जिवंत वर्णन स्टानिस्लाव उलामने केलंय. तो ल्वूफचाच, आणि नंतर अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉसला गेला. त्याच्या आठवणींत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: तिथे सतत बडबड चालायची नाही. कोणीतरी दोन-चार शब्द बोलायचं, टेबलावर एक ओळ खरडायचं, मग बराच वेळ सगळे त्या ओळीकडे नाहीतर शून्यात बघत बसायचे. बानाख आणि स्तानिस्लाव माझुर यांच्यासोबतची एक बैठक तर सतरा तास चालल्याचं तो लिहितो. मधे उठले ते फक्त जेवणापुरते. 'कॅफेत संशोधन' म्हटल्यावर जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, त्यापेक्षा हे फार वेगळं आहे. संगीत चालू, लॅपटॉप उघडा, दर पाच मिनिटांनी नोटिफिकेशन, यातलं काहीच नाही. तिघं जण एकाच प्रश्नाकडे टक लावून.

आणखी एक गोष्ट. त्या टेबलाभोवती सगळे सारख्या पदावरचे नव्हते. विद्यापीठात गणिताच्या जागा अगदी मोजक्या होत्या. युलियुश शाउडर, ज्याच्या नावाचं फिक्स्ड पॉइंट थिअरम तुम्ही कदाचित वापरलंही असेल, पोटासाठी शाळेत शिकवायचा. तो ज्यू होता, आणि त्या काळच्या पोलंडमध्ये ज्यू माणसाला प्राध्यापकपद मिळणं किती कठीण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. उलाम 1935 च्या सुमारास अमेरिकेकडे वळला आणि मार्क काट्स 1938 मध्ये गेला, त्यामागेही हे कारण होतंच. विद्यापीठाच्या इमारतीत ज्यांना खुर्ची नव्हती, त्यांना कॅफेत तरी होती. पण म्हणून त्या कॅफेला समतेचं मंदिर वगैरे समजू नका. खुर्ची मिळाली तरी पगार मिळत नव्हता.

आता वही. टेबलावर लिहिण्यातली अडचण उघड आहे: रात्री कोणीतरी टेबल पुसतं. एका लांबलचक बैठकीत बानाख स्पेसबद्दलचं एक महत्त्वाचं प्रमेय सिद्ध झालं, सकाळी सफाईवालीने टेबल स्वच्छ केलं आणि ती सिद्धता पुन्हा कोणालाच जुळवता आली नाही, असा किस्सा या मंडळींमध्ये सांगितला जायचा. शेवटी 1935 मध्ये बानाखच्या बायकोने, लुचाने, अडीच झ्लॉटींना एक जाड वही आणली. 17 जुलै 1935 रोजी बानाखने तिच्यात पहिला प्रश्न लिहिला.

पुढे तिचे जे नियम पडले ते बघा. वही कोणाच्याही घरी जायची नाही, ती कॅफेत वेटरकडे राहायची. कोणीही मागितली की वेटर पेनासकट आणून द्यायचा. एका पानावर प्रश्न आणि समोरचं पान उत्तरासाठी कोरं. प्रश्नाखाली विचारणाऱ्याचं नाव आणि बहुतेक वेळा तारीख. बऱ्याच प्रश्नांना बक्षीस असायचं: बिअरचा छोटा ग्लास, वाइनची बाटली, परदेशी पाहुण्याने लावलेलं जिनिव्हातलं फॉन्ड्यू. जॉन फॉन नॉयमनने 1937 मध्ये लिहिलेल्या प्रश्नाला व्हिस्कीची बाटली लावली आणि तिचं 'माप शून्यापेक्षा जास्त' असेल अशी हमी दिली. मेझर थिअरी शिकलेल्यांना हसू येईल, बाकीच्यांनी थोडा धीर धरा.

ही वही म्हणजे त्यांचं नियतकालिक नव्हतं. नियतकालिकात उत्तरं छापतात. वहीत फक्त प्रश्न होते, आणि तेही असे की विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नाही. एक असा सांगतो की कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला कळेल. 59 क्रमांकाचा प्रश्न स्तानिस्लाव रुझिएविचचा: एका चौरसाचे मोजके, पण सगळे वेगवेगळ्या आकारांचे चौरस तुकडे करता येतील का? एकाही आकाराची पुनरावृत्ती नको. कागद घेऊन बसा, अर्ध्या तासात वाटेल की अशक्य आहे. शक्य आहे. 1939 मध्ये बर्लिनच्या रोलांड श्प्रागने 55 तुकड्यांचा असा चौरस छापला. सगळ्यात कमी तुकडे 21 लागतात, हे मात्र 1978 पर्यंत थांबून कॉम्प्युटरकडून कळलं. चांगला प्रश्न विचारणाऱ्याच्या आयुष्याच्या मर्यादेत राहत नाही. रुझिएविचच्या बाबतीत ती मर्यादा फारच जवळ होती.

सप्टेंबर 1939 मध्ये ल्वूफ सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेलं. कॅफे चालू राहिला, वहीसुद्धा. मॉस्कोहून आलेल्या सोबोलेव्ह आणि अलेक्सांद्रोव्ह यांनीही तिच्यात प्रश्न लिहिले. पण त्याच महिन्यांत पूर्व पोलंडमधून लाखो माणसं मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवली जात होती. (त्यांतलीच काही कुटुंबं पुढे इराणमार्गे आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोचली. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची वसाहत होती. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको.)

वहीतला शेवटचा प्रश्न, क्रमांक 193, स्टाइनहाउसचा आहे. तारीख 31 मे 1941. विषय आगपेटीतल्या काड्यांचा.

महिन्याभरात, 30 जून 1941 ला, जर्मन सैन्य शहरात शिरलं. 3 जुलैच्या रात्री प्राध्यापकांना घरांतून उचललं आणि 4 जुलैच्या पहाटे वुल्का टेकड्यांवर गोळ्या घातल्या. त्यात पॉलिटेक्निकमधले गणिताचे प्राध्यापक अंतोनी लोम्निट्स्की होते आणि व्लोजिमेझ स्तोझेक होते. स्तोझेकबरोबर त्यांचे दोन मुलगे. लोम्निट्स्कींनी बानाखला पहिली असिस्टंटची नोकरी दिली होती, आणि स्तोझेकनी बानाखबरोबर शाळेची पाठ्यपुस्तकं लिहिली होती. चौरसाचा प्रश्न विचारणाऱ्या रुझिएविचला 12 जुलैला मारलं. शाउडर 1943 मध्ये मारला गेला. स्टाइनहाउस खोट्या नावाने खेड्यात लपून राहिला आणि तिथेही मुलांना चोरून शिकवत राहिला.

बानाख वाचला तो उवांमुळे. रुडॉल्फ वाइगल या जीवशास्त्रज्ञाची ल्वूफमध्ये टायफसची लस बनवणारी संस्था होती. लस उवांच्या आतड्यांतून काढायची आणि उवा जगवायला माणसाचं रक्त लागायचं. छोट्या चपट्या डब्यांत उवा भरून ते डबे पायाला बांधायचे आणि ठरावीक वेळ त्यांना रक्त पिऊ द्यायचं, ही नोकरी. जर्मन सैन्याला लस हवी होती, त्यामुळे या संस्थेच्या ओळखपत्राला वजन होतं. वाइगलने असे कितीतरी प्राध्यापक आणि विद्यार्थी कामावर घेऊन वाचवले. 'थिअरी ऑफ लिनिअर ऑपरेशन्स'वरचं जगातलं पहिलं पुस्तक 1932 मध्ये लिहिणारा माणूस तीन वर्षं उवांना पोसत होता. युद्ध संपलं आणि 31 ऑगस्ट 1945 ला तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय 53.

मग वही वाचली कशी? उलाम सांगतो की 1939 च्या उन्हाळ्यात माझुरने त्याला एक बेत सांगितला होता: युद्ध झालंच तर वही पेटीत घालून फुटबॉलच्या मैदानात गोलपोस्टजवळ पुरायची. गोष्ट इतकी छान आहे की प्रत्येक लेखात येते. प्रत्यक्षात युद्धानंतर वही बानाखच्या कुटुंबाकडे होती. मुलाने ती स्टाइनहाउसला दाखवली, स्टाइनहाउसने हाताने नक्कल उतरवली आणि 1956 मध्ये उलामला अमेरिकेत पाठवली. उलामने इंग्रजी भाषांतर करून 1957 मध्ये 300 प्रती काढल्या आणि ओळखीच्या गणितींना वाटल्या. गोलपोस्ट रोमांचक आहे, पण वही टिकली ती घरात जपून ठेवल्यामुळे आणि एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने बसून शेकडो ओळी उतरवल्यामुळे.

इथे थोडं थांबा, कारण हा भाग तुमच्या कामाचा आहे. वर मी जे लिहिलंय त्यात दोन प्रकारची साधनं मिसळलेली आहेत. सतरा तासांची बैठक, पुसलेलं टेबल, उधारीवरचं भांडण, गोलपोस्ट, हे सगळं आठवणींतून आलेलं. उलामचं आत्मचरित्र 1976 चं आहे, म्हणजे घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात बसून, बहुतेक मित्र मेल्यानंतर लिहिलेलं. आठवण खोटी असते असं नाही. पण ती गोल होते, तिचे कोपरे झिजतात. वही मात्र त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहिलेली. तिच्यात नाव आणि तारीख आहे, पण बानाख त्या संध्याकाळी हसत होता की वैतागला होता हे तिच्यात नाही. लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा हा फरक रोज समोर येईल. रिव्ह्यू पेपरमध्ये 'अमक्याने तमकं सर्वप्रथम दाखवलं' असं लिहिलेलं असतं. मूळ पेपर उघडला की तारीख वेगळी निघते, कधी माणूसही वेगळा. मी स्वतः आठवण वाचते ती हवेचा अंदाज यावा म्हणून, आणि तारखेसाठी दस्तऐवजाकडे जाते. दोन्ही लागतात, फक्त कुठलं वाक्य कशावर उभं आहे याची खूण ठेवावी लागते.

माझुरचा गोलपोस्ट बाजूला ठेवू, पण त्याचं बदक सोडून चालणार नाही. बदक म्हणजे खरं तर हंस-बदक, पोलंडमध्ये सणावाराला रांधतात ते. 6 नोव्हेंबर 1936 ला माझुरने 153 क्रमांकाचा प्रश्न लिहिला आणि बक्षीस लावलं जिवंत हंस-बदकाचं. प्रश्न असा समजून घ्या: एका चौकोनावर ताणलेला, कुठेही न फाटलेला पृष्ठभाग आहे. त्याचे काही आडवे आणि काही उभे काप घ्या, मोजकेच. एक आडवा काप गुणिले एक उभा काप, त्याला एखादा आकडा लावा, आणि असे गुणाकार बेरजेत मांडा. एवढ्यावरून मूळ पृष्ठभाग हवा तेवढा अचूक परत उभा करता येईल का? मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ घेऊन हे नेहमी जमतं, लिनिअर अल्जिब्रा झालेल्यांनी करून पाहावं. त्यामुळे उत्तर 'हो' असणार असंच वाटतं.

1955 मध्ये ग्रोथेन्डीकने दाखवलं की हा साधासा दिसणारा प्रश्न आणि बानाख स्पेसमधला एक मोठा मूलभूत प्रश्न हे एकच आहेत. 1972 मध्ये स्वीडनच्या पेर एन्फ्लोने तो सोडवला. उत्तर 'नाही' निघालं: असे पृष्ठभाग आहेत की ज्यांच्या बाबतीत हे कधीच जमत नाही. प्रश्न लिहिला गेला तेव्हा एन्फ्लोचा जन्मही झाला नव्हता. माझुर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. वॉर्सॉमध्ये समारंभ झाला आणि त्याने एन्फ्लोच्या हातात टोपलीतलं जिवंत हंस-बदक दिलं. पोलिश टीव्हीने ते दाखवलं. दोघांचा एक फोटो आहे, नक्की शोधून बघा. बक्षीस लावलं तेव्हा शहर पोलंडचं होतं, दिलं तेव्हा ते सोव्हिएत युनियनमध्ये होतं, आणि त्या टेबलावरचे निम्मेअधिक जण नव्हते.

युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकली आणि ल्वूफमधले वाचलेले बरेच जण व्रोत्सवाफला गेले. तिथे 1946 मध्ये स्टाइनहाउसने 'नवी स्कॉटिश वही' उघडली. 1958 पर्यंत ती चालली. अकादेमिस्का रस्त्याचं नाव आता शेव्चेंको मार्ग आहे.

जुन्या वहीची स्कॅन केलेली पानं आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही नेटवर मिळतात. 193 पैकी काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. मूळ पानं पोलिशमध्ये आहेत, पण अक्षरं बघण्यासारखी आहेत: खोडलेले शब्द, वेगवेगळ्या शाया, कोपऱ्यात बक्षिसाची नोंद. सगळी एकदम वाचायला जाऊ नका. 59 पासून सुरुवात करा, तो वहीपेन्सिल घेऊन बसायचा आहे. 153 साठी चहा करून घ्या.